सोनेरी लायसन्स, लाल गाडी

कुरामोचींकडे सोनेरी पट्टीचं लायसन्स होतं. फक्त गाडी चालवता येत नव्हती.

यात खोटं असं काही नव्हतं. ज्या माणसाने वर्षानुवर्षं एकही नियम मोडला नाही, दंड भरला नाही, कुणाला धडक दिली नाही, त्याच्या लायसन्सवर सरकार सोनेरी पट्टी छापतं. कुरामोचींनी एकेचाळीस वर्षांत एकही नियम मोडला नव्हता, कारण एकेचाळीस वर्षांत ते स्टिअरिंगमागे बसलेच नव्हते. लायसन्स मिळाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी सासऱ्यांचा छोटा ट्रक कोन्न्याकू नावाच्या कंदाच्या शेतात घातला होता. दोनशे कंद चिरडले. शेजारी नवी नवरी बसली होती, किनुए. तिने त्यांना उतरवलं, स्वतः बसली, ट्रक मागे घेऊन रस्त्यावर आणला आणि ते स्टिअरिंग पुन्हा कधी परत दिलं नाही. त्यांनीही मागितलं नाही. पुढे अडतीस वर्षं ते नगरपालिकेच्या पाणी खात्यात मीटर वाचायचं काम करत सायकलवरून फिरले. सायकलला लायसन्स लागत नाही, हा काही त्यांचा दोष नव्हे.

किनुएचं उलट होतं. ती केस कापायचं दुकान चालवायची आणि गाडी अशी हाणायची की जणू खुर्चीवर बसलेलं गिऱ्हाईक अर्धवट कापून आली आहे. पंचावन्नाव्या वर्षी तिने एक लाल गाडी घेतली. दोनच माणसांची, छत उघडणारी, सहा गिअरची. त्या वयात लोक गुडघ्याला पट्टा घेतात. लायसन्सची मुदत संपली की दोघं त्याच गाडीतून नूतनीकरणाला जायची. दंड न झालेल्यांना अर्ध्या तासाचं व्याख्यान असायचं, दंड झालेल्यांना दोन तासांचं. कुरामोची अर्ध्या तासात सुटायचे आणि बाहेर बाकावर आइस्क्रीम खात बायकोची वाट बघत बसायचे. ती बाहेर आली की म्हणायची, "चला आदर्श नागरिक, बसा गाडीत."

या सोनेरी पट्टीपायीच वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष मोगी यांनी त्यांना वाहतूक सुरक्षेचं पद दिलं. पद म्हणजे एक पिवळा झेंडा आणि एक टोपी. रोज सकाळी शाळेजवळ उभं राहायचं, झेंडा आडवा धरायचा, पोरांना रस्ता पार करू द्यायचा. झेंडा आडवा केला की मोठमोठे ट्रक निमूट थांबायचे. कुरामोचींना पाणी खात्यात एवढा मान कधी मिळाला नव्हता. तिथे तर त्यांना बघून लोक कुत्रं सोडायचे.

मागच्या नोव्हेंबरात किनुए गेली. तीन महिने आजारी होती. गाडी घराशेजारच्या छपराखाली उभी राहिली. कुरामोची दर रविवारी ती धुवायचे, पुसायचे आणि पुन्हा कापड घालून झाकून ठेवायचे.

ऑगस्टात ओबोन आला. पितर घरी येतात ते दिवस. मुलगा योहेई साइतामाहून आला होता. तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता आणि कुठलीही गोष्ट जागच्या जागी अडकून राहिलेली त्याला बघवायची नाही. शेजारच्या नेगिशीबाई काकड्या आणि वांगी घेऊन आल्या. काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात, त्यावर बसून पितर धावत घरी येतात. वांग्याची गाय करतात, तिच्यावरून ते रमतगमत परत जातात.

"किनुए काही गायीवर बसायची नाही," नेगिशीबाई म्हणाल्या. "दोन्ही घोडेच करा."

योहेई जेवत होता. म्हणाला, "बाबा, गाडीला गिऱ्हाईक आहे. माझ्या ऑफिसातलाच माणूस. जपून वापरेल."

"गाडी विकायची नाही."

"मग करायचं काय तिचं? नुसती धुताय. देवाची मूर्ती आहे का ती, रोज आंघोळ घालायला?"

"मी चालवीन."

योहेईच्या तोंडात भात होता. तो नाकावाटे बाहेर येऊ नये म्हणून त्याला बरीच मेहनत घ्यावी लागली.

"हसतोस काय रे?" नेगिशीबाई म्हणाल्या. "सोनेरी लायसन्स आहे म्हटलं तुझ्या बाबांचं!" आणि त्यांनी मान खाली घालून काकडीत चौथा पाय खुपसला, जरा जास्तच जोरात. काडी घोड्याच्या आरपार गेली.

पाणी पिऊन झाल्यावर योहेई गंभीर झाला. "बाबा, ती गाडी मेंगळट नाही. जरा पाय जास्त पडला तर थेट नदीत. आई गेली. आता तुम्हालाही नदीतून काढायला मी येऊ का?"

कुरामोचींनी घोड्यातून आरपार गेलेली काडी मागे ओढली.

"बरं, असं करू. कागद अजून आईच्या नावावर आहेत. तुमच्या नावावर करायचे तर वारस म्हणून माझाही सहीचा शिक्का लागणार, खरं ना? आईच्या वर्षश्राद्धाला घरापासून वरच्या देवळापर्यंत गाडी तुम्ही न्यायची. मी शेजारी बसेन. कशाला हात लावणार नाही. वर पोचलो तर तिथेच शिक्का मारतो, गाडी तुमची. नाही पोचलो तर ती गिऱ्हाइकाला."

"कबूल."

"घाटात पाच वळणं आहेत."

"माहीत आहेत मला. एकेचाळीस वर्षं बघतोय."

"शेजारच्या सीटवरून," योहेई म्हणाला.

माणसाचा अपमान करायचाच असला तर खरं बोलून करू नये, असं कुरामोचींचं मत होतं. पण आता माघार नव्हती.

आधी कागद. नगरपालिकेच्या खिडकीवर तरुण क्लार्क होता. त्याने यादी दिली. किनुएच्या जन्मापासून मृत्यूपर्यंतचे सगळे कुटुंब-नोंदीचे दाखले, वाटणीचा कागद, त्यावर सगळ्या वारसांचे नोंदवलेले शिक्के, शिक्के खरे असल्याचे दाखले. आणि हे शिक्क्यांचे दाखले तीन महिन्यांच्या आतले हवेत, नाहीतर सगळं पहिल्यापासून.

"आणि पत्नी वारल्याचा पुरावा," क्लार्क म्हणाला.

"अरे, तू अंत्यविधीला आला होतास. माझ्यासमोर उदबत्ती लावलीस."

"आलो होतो ना. फार वाईट झालं. मावशी माझे केस कापायच्या." त्याने डोळे पुसले. "पण ते मी माणूस म्हणून आलो होतो, कुरामोचीसान. खिडकीवर बसलो की मला माहीत नसतं."

पाणी खात्यात अडतीस वर्षं काढलेल्या माणसाला हे लगेच पटलं. ते दाखला आणायला गेले.

मग गाडी. कापड काढलं, किल्ली फिरवली, आवाज नाही. बॅटरी केव्हाच मेली होती. गॅरेजवाल्याने नवी घातली आणि इंजिन सुरू झालं, तेव्हा कुरामोचींना आठवलं की किनुएने मागे धुराचं जाड नळकांडं बसवून घेतलं होतं. त्या आवाजाने नेगिशीबाईंचं कुत्रं तोंड वर करून रडायला लागलं. सहा घरांच्या खिडक्या उघडल्या.

"काही नाही, इंजिन गरम ठेवतोय!" कुरामोची ओरडले.

"ठेवा, ठेवा! छान वाटलं ऐकून!" मोगीसाहेब पलीकडच्या गल्लीतून ओरडले.

गुपचूप शिकायचा बेत तिथेच संपला. आणि खरी पंचाईत आवाजाची नव्हतीच, ती सीटची होती. किनुए बुटकी. सीट पार पुढे ओढून, स्टिअरिंगला जवळजवळ चिकटून बसायची. कुरामोची मीटर वाचणाऱ्यांत सगळ्यात उंच. त्या सीटवर बसले की गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर यायचे, जणू घडी घातलेली खाट. क्लचवरचा पाय उचलायला जावं तर गुडघा स्टिअरिंगला अडायचा, तो सोडवायला पाय झटकावा तर गाडी उसळी मारून बंद पडायची. सीटच्या खाली एक लीवर होता. तो ओढला की सीट मागे जाते, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी तो ओढला नाही. ती सीट जिथे होती तिथे किनुएने ठेवली होती.

शेवटी ते दोन बस बदलून शेजारच्या गावातल्या मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये गेले. ओळख पटू नये म्हणून तोंडाला मास्क, डोक्यावर टोपी. टोपी वाहतूक सुरक्षेची होती, हे तिथे पोचल्यावर लक्षात आलं.

काउंटरवरच्या मुलीने लायसन्स हातात घेतलं आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "अय्या, सोनेरी! मग तुम्ही शिकवायला आलाय का?"

"कागदावरचा ड्रायव्हर," कुरामोची पुटपुटले. लायसन्स आहे पण चालवत नाही अशांना तेच नाव आहे, आणि अशांसाठी वेगळे धडेही असतात. म्हणजे देशात असे पुष्कळ असणार. त्यांना जरा बरं वाटलं.

त्यांच्या वाट्याला ताकेईमास्तर आले. साठीचे, सुकट, तोंडात कायम आल्याची गोळी. दिवसाला दहा शब्द बोलत असतील. स्कूलच्या बिनगिअरच्या पांढऱ्या गाडीत कुरामोची पहिल्याच दिवशी सरळ गेले, वळले, थांबले.

"हं," मास्तर म्हणाले. "आता तुमची गाडी आणा."

"ती आणता येत असती तर मी इथे आलो असतो का?"

मास्तरांनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "मग मीच येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर कुरामोचींच्या दारात आले. काखेत एक लांब लोखंडी दांडा होता, शेजारच्या सीटवरून ब्रेक दाबायचा. कुरामोचींनी आधीच ठरवलं होतं की कुणी विचारलं तर मास्तरांना किनुएचा मावसभाऊ म्हणायचं. नेगिशीबाईंनी ते मास्तर फाटकातून आत येण्याआधीच विचारलं.

"मावसभाऊ! किनुए कधी बोलली नाही!" म्हणत त्या चहा घेऊन घरातच आल्या. आता मावसभाऊ म्हटल्यावर मास्तरांना देव्हाऱ्यापुढे बसून किनुएच्या फोटोला उदबत्ती लावणं भाग पडलं. त्यांनी लावली, हात जोडले, घंटाही वाजवली.

"लहानपणी कशी होती हो ती?" नेगिशीबाईंनी पदर खोचावा तशा बाह्या सरसावून विचारलं.

मास्तरांनी फोटोकडे बघितलं. मग खिडकीतून लाल गाडीकडे बघितलं.

"वेगात," ते म्हणाले.

नेगिशीबाई ढसाढसा रडल्या.

त्यानंतर धडा कधीही असला तरी मास्तर आधी उदबत्ती लावायचे. सवयच लागली त्यांना.

गाडीत मात्र पहिल्या दिवशीच खटका उडाला. मास्तर म्हणाले, "सीट मागे घ्या."

"लीवर अडकलाय."

मास्तर वाकले आणि त्यांनी हात पुढे केला. कुरामोचींनी लीवरवर आपला हात ठेवला.

"अडकलाय म्हणतोय ना."

मास्तरांनी त्या हाताकडे बघितलं. गोळी या गालातून त्या गालात गेली. "हं," ते म्हणाले आणि पुन्हा तो विषय काढला नाही. पुढच्या खेपेला त्यांनी एक पुडकं आणलं. त्यात शेतमजूर घालतात ते पातळ रबरी तळाचे, अंगठा वेगळा असलेले काळे बूट होते. पाय हलका राहिला की वाकडा गुडघाही थोडं काम करतो, एवढाच त्यामागे विचार. पहाटे शेतातल्या गाडीवाटेवर दोघं सराव करायचे. कोन्न्याकूचं शेत दोन्ही बाजूंना पसरलेलं असायचं. कुरामोची त्याच्याकडे बघायचं टाळायचे.

एवढ्यात सप्टेंबर आला आणि त्याबरोबर शरद ऋतूचा वाहतूक सुरक्षा सप्ताह. मोगीसाहेब झेंड्याजवळ येऊन उभे राहिले.

"कुरामोचीसान, यंदा मंडळातर्फे म्हाताऱ्यांसाठी सुरक्षित गाडी चालवण्याचं प्रात्यक्षिक. सोनेरी लायसन्सवाला आपल्यात एकच. करायचं ना?"

कुरामोचींना नाही म्हणायचं होतं. पण तोंडातून जे निघालं ते "कोणत्या दिवशी?" असं होतं. मानाच्या जागेवर उभ्या असलेल्या माणसाच्या जिभेला हा रोग असतो.

सभागृहाच्या मैदानावर घडीच्या खुर्च्यांवर चाळीस म्हातारेम्हाताऱ्या बसल्या. चहाचं टेबल, त्यावर गोड सॉस लावून भाजलेले मांजूचे पाव, त्यामागे फलक: 'घाई नको, जीव सांभाळा'. हवालदार आला होता. माइक मोगीसाहेबांच्या हातात. मास्तरांना नेगिशीबाईंनी मावसभाऊ म्हणून पहिल्या रांगेत बसवलं होतं.

कुरामोचींनी गाडी सुरू केली. दोन जणांनी कानातली यंत्रं काढली. गाडीने एक उसळी मारली आणि बंद पडली.

"बघा!" मोगीसाहेब माइकवर म्हणाले. "निघण्याआधी सोनेरीवाले एकदा थांबून खात्री करतात."

गाडी पुन्हा सुरू झाली, पुन्हा बंद पडली.

"दोनदा खात्री करतात."

पाचव्या खात्रीनंतर मोगीसाहेबांचा घसा बसला. सहाव्या खेपेला कुरामोचींचा गुडघा स्टिअरिंगमधून एकदम सुटला आणि गाडी निघाली ती किनुए असताना निघायची तशीच. दोन शंकू उडाले. पहिली रांग, जिला चालायलाही काठी लागायची, ती उड्या मारून बाजूला झाली. 'घाई नको' हा फलक बॉनेटवर आडवा झाला आणि गाडी चहाच्या टेबलापासून वीतभर अंतरावर बंद पडली. मांजू एकही पडला नाही.

हवालदार खिडकीशी आला, वाकला आणि हळूच म्हणाला, "कुरामोचीसान, शेवटची गाडी कधी चालवली होती?"

लायसन्सबद्दल कुरामोची आजवर खोटं असं काही बोलले नव्हते. कुणी विचारलंच नव्हतं. आता विचारलं होतं. ते गुडघे सोडवत बाहेर आले, मोगीसाहेबांच्या हातातला माइक घेतला आणि टोपी काढली.

"मला गाडी चालवता येत नाही," ते म्हणाले. "एकेचाळीस वर्षांपूर्वी एकदा चालवली होती. आठवडाभर. लायसन्स सोनेरी आहे, पण ते न चालवल्यामुळे. झेंडा परत करतो. आणि हे मावसभाऊ नाहीत, मास्तर आहेत. माफ करा."

त्यांनी कमरेतून वाकून नमस्कार केला. सरळ कधी व्हायचं ते न कळून ते वाकलेलेच राहिले.

"आम्हाला माहीत होतं," मागच्या रांगेतून एक आजी म्हणाली.

"काय?"

"दोनशे कंद," दुसरी म्हणाली.

"किनुएनं केस कापता कापता सांगितलं होतं सगळ्यांना," नेगिशीबाई म्हणाल्या. "वीस वर्षं झाली त्याला. पण मावसभावाचं नव्हतं हं माहीत." आणि त्यांनी मास्तरांकडे असं बघितलं की मास्तरांनी गोळी गिळून टाकली.

"मग मला हे पद कशाला दिलंत?" कुरामोचींनी विचारलं. मोगीसाहेब खाली बघत होते.

"तिनेच सांगितलं होतं. म्हणाली, निवृत्त झाल्यावर घरात बसून राहील, त्याला काहीतरी उभं राहायचं काम द्या. आणि झेंडा तुम्ही खरंच छान धरता, कुरामोचीसान. त्यात खोटं नाही. प्रात्यक्षिकाचं म्हणाल तर, पहाटे शेतात गाडी फिरतेय म्हटल्यावर वाटलं, आता जमत असेल."

कुरामोचींनी टोपी पुन्हा घातली. त्यांना राग आला होता. पण तो ज्या माणसावर काढायचा तेच माणूस नव्हतं.

गुपित फुटल्याचा एकच तोटा झाला. आता सगळी वस्ती शिकवायला लागली. पहाटे शेताच्या बांधावर खुर्च्या टाकून लोक बसायचे. "क्लच म्हणजे मांजर समजा, एकदम सोडायचं नाही!" "अहो, आधी मूळव्याधीची उशी घ्या!" "सीट मागे घ्या ना, कुरामोचीसान!" हे मात्र रोज कुणीतरी म्हणायचंच. "लीवर अडकलाय," ते सांगायचे. मग मास्तर बांधाकडे वळून म्हणायचे, "अडकलाय." आणि ओरडणारा गप्प व्हायचा.

नोव्हेंबरात वर्षश्राद्धाचा दिवस उजाडला. कोरडा वारा सुटला होता. कुरामोचींनी काळा सूट घातला, काळा टाय बांधला, आणि पायात शेतमजुराचे बूट. योहेई शेजारी बसला. मांडीवर फुलं, खिशात शिक्का, तोंडावर लिफ्ट तपासतानाचा चेहरा.

"ते पायात काय आहे?"

"हात लावणार नाही म्हणाला होतास. बोलणारही नाही असं समज."

गाडी सुरू झाली, निघाली. गावातून नीट गेली. शाळेजवळ आज झेंडा मोगीसाहेबांच्या पुतण्याकडे होता. त्याने सलाम ठोकला. मागून मोगीसाहेबांची गाडी, तिच्यात नेगिशीबाई आणि मास्तर. मास्तरांना नेगिशीबाईंनी आग्रहाने बोलावलं होतं. एवढ्या उदबत्त्या लावल्या, आता काय परके, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या मागे किनुएची गिऱ्हाइकं.

पहिलं वळण झालं. दुसरं झालं. योहेईने फुलांवरची पकड जराशी सैल केली. तिसऱ्या वळणावर चढ एकदम उभा होतो. तिथे गाडी बंद पडली.

कुरामोचींनी हातब्रेक ओढला. पुन्हा सुरू केली. गुडघा अडला, गाडी बंद. पुन्हा. बंद. मागे रांग लागली. रस्ता अरुंद, पुढे जायला जागा नाही. रांगेत सगळ्यात मागून एक स्कूटर वाट काढत आली. देवळातले भिक्षू होते. खाली गावात एक विधी करून परत चालले होते. डोक्यावर हेल्मेट, झग्याला चिमटे.

"माफ करा महाराज, उशीर होतोय," कुरामोची घामाने भिजले होते.

"कसला उशीर? विधी करणारा मी, आणि मी तर तुमच्या मागे आहे," भिक्षू म्हणाले. "आज वांग्याची गाय दिसतेय. चालू द्या." आणि ते स्कूटर बाजूला लावून, हेल्मेट काढून डोंगर बघत उभे राहिले.

सातव्यांदा गाडी बंद पडली. कुरामोची हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवायला गेले. मांडी हाताच्या वर होती.

"देऊन टाक तुझ्या गिऱ्हाइकाला," ते म्हणाले.

योहेई त्यांच्या गुडघ्यांकडे बघत होता. बहुधा मघापासून तेच बघत होता.

"बाबा, सीट मागे घ्या."

"लीवर अडकलाय."

"अडकलेला नाही. आई आजारी असताना रजा काढून तिला दवाखान्यात मीच न्यायचो याच गाडीतून. ती इकडे बसायची, मी तिकडे. रोज मागे घ्यायचो सीट. आणि घरी आलो की आई म्हणायची, होती तशी कर. एकदा मी अंदाजाने पुढे केली, तर दुसऱ्या दिवशी इतकी बोलली मला! मग मोजायलाच लावायची." त्याने फुलं नीट केली. "सात खटके. बरोब्बर सात. तुम्ही मागे घेतली तरी ती जागा कुठे जात नाही, बाबा. सात खटके पुढे केले की तीच."

कुरामोचींनी पुढच्या काचेवरून नजर काढून त्याच्याकडे बघितलं.

"सात?"

"सात. मोजा तुम्ही."

त्यांनी खाली हात घातला, लीवर ओढला आणि पायाने रेटा दिला. सीट मागे गेली. योहेई मोठ्याने मोजत होता आणि ते मनात. सात झाल्यावर गुडघे स्टिअरिंगखाली गेले, पाय लांब झाले. कुरामोचींनी मोठा श्वास घेतला. गेले तीन महिने त्यांनी नीट श्वास घेतलाच नव्हता, असं त्यांना वाटलं. पोट मोकळं झाल्यामुळे वाटलं असेल.

हातब्रेक सोडला, क्लच सोडला. गाडी चढावर अशी निघाली की भिक्षूंना हेल्मेट शोधायला वेळ मिळाला नाही. चौथं वळण, पाचवं वळण. देवळाच्या आवारात लाल गाडी सगळ्यांच्या आधी पोचली, आणि मग विधी करणाऱ्याची वाट बघत बाप-लेक वीस मिनिटं वाऱ्यात उभे राहिले.

विधी झाला. किनुएच्या समाधीच्या दगडावर पाणी घातलं, फुलं ठेवली. आवारात परत आल्यावर योहेईने बॉनेटवर कागद पसरला, वाऱ्याने उडू नये म्हणून मास्तरांनी त्यावर आपला लोखंडी दांडा ठेवला. योहेईने शिक्क्यावर तोंडाची वाफ सोडली.

"मदत केलीस तू मला," कुरामोची म्हणाले. "बघ बाबा, नियम म्हणजे नियम."

"मी कशाला हात लावला? फक्त मोजलं," योहेई म्हणाला आणि त्याने शिक्का मारला.

योहेईला स्टेशनवर सोडून कुरामोची एकटे घरी आले. छपराखाली गाडी एका दमात घातली. नेगिशीबाईंचं कुत्रं रडलं नाही. इंजिन बंद केलं. मग त्यांनी खाली हात घालून लीवर ओढला आणि सीट पुढे घ्यायला लागले. एक, दोन, तीन. पाचव्या खटक्याला गुडघे वर आले. सहाव्याला स्टिअरिंगला टेकले. सातवा खटका झाला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण अजून आतच आहोत, आणि गुडघे स्टिअरिंगखाली अडकलेत.

त्यांनी हॉर्न वाजवला. तोही हनुवटीने. नेगिशीबाई धावत आल्या.

"अहो, आधी उतरायचं असतं, मग सीट पुढे घ्यायची! घ्या, घ्या, मागे घ्या परत!"

कुरामोचींनी लीवर ओढला. पुन्हा ओढला.

"लीवर अडकलाय," ते म्हणाले.

नेगिशीबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. चेहरा जरा मऊ केला. "असू दे हो. कळतं आम्हाला."

"नाही, खरंच अडकलाय."

मग मात्र त्या दोन्ही हातांनी किमोनो वर धरून मोगीसाहेबांना हाका मारत धावल्या. कुरामोची बसून राहिले. समोर स्टिअरिंग होतं, अगदी जवळ, जसं तिला लागायचं तसं. त्यांना तशी घाई नव्हती.